भाराखाली थांबणारे यंत्र

बुऱ्हाणपूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. पुढे मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांचे हे मुख्य ठाणे. शहाजहानची बेगम मुमताज महल हिने १६३१ साली अखेरचा श्वास घेतला तो याच गावी. तापीकाठच्या या शहराविषयी बोलायचे म्हणजे किल्ला, हमामखाना, जामा मशीद आणि जवळचा असीरगड यांविषयी बोलायचे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. तो आज मी थोडासा मोडणार आहे. आज मला बोलायचे आहे ते एका घरगुती संगणकाच्या दुखण्याविषयी, आणि त्या निमित्ताने आठवलेल्या चारशे वर्षांच्या इतिहासाविषयी. या दोहोंचा संबंध काय, असे आपण विचाराल. तो दाखविणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आमच्या आळीत एक तरुण राहतो. लग्नकार्याचे चित्रण करून त्याची फिल्म तयार करून देणे हा त्याचा व्यवसाय. दुकानातला तयार संगणक परवडेना, म्हणून त्याने सुटे भाग गोळा करून तो स्वतःच जुळवला. प्रोसेसर एका ठिकाणचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीकडचे, आणि वीज पुरवणारी पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती एका जुन्या यंत्रातून काढलेली. यंत्र सुरू झाले त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले. पत्रव्यवहार, हिशेब, छायाचित्रे, सारे सुरळीत चाले. परंतु सगळी दृश्ये जुळवून झाली आणि फिल्मचे अखेरचे रूप तयार करण्याचे जड काम यंत्रावर सोपवले, की चारपाच मिनिटांत ते एकदम बंद पडे. ना सूचना, ना इशारा. दिवा मालवावा तसे. दिवस वैशाखाचे, लग्नसराई ऐन भरात, तीन घरांची आगाऊ रक्कम घेतलेली, आणि ती खर्चही झालेली. एके संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला व म्हणाला, "काका, याचा मेंदूच गेला. उद्या कर्ज काढून नवा प्रोसेसर आणतो. दुसरा इलाज दिसत नाही."

मी काही यंत्रज्ञ नव्हे. माझी हयात शाळेत इतिहास शिकविण्यात गेली. परंतु इतिहास शिकविणाऱ्याला एक सवय जडलेली असते. एखादे राज्य कोसळले असे कळले, की तो प्रथम विचारतो, ते केव्हा कोसळले, आणि त्या वेळी त्यावर कोणता भार आला होता? तोच प्रश्न मी त्याला केला. "अरे, हे यंत्र रिकामे असताना कधी बंद पडले आहे का?" "नाही." "हिशेब करताना कधी चुकले?" "तेही नाही." "मग मेंदू गेला असे कशावरून म्हणतोस? मेंदू बिघडलेला माणूस बरळतो. हा तर नीट बोलता बोलता मूर्च्छित पडतो. मूर्च्छेची कारणे बहुधा दोन असतात. एक तर पोटात अन्न कमी पडते, नाही तर ऊन लागते. आधी ती दोन पाहू, मग मेंदूकडे वळू."

हे बोलत असता मला आमच्याच गावचे एक जुने उदाहरण आठवले. सतराव्या शतकाच्या आरंभी बुऱ्हाणपूरवरही असाच भार पडला होता. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश मोगली राज्यात सामील झाले. दक्षिणेत निजामशाहीच्या बाजूने मलिक अंबर झुंज देत होता. त्या लढ्याचे ठाणे म्हणून बुऱ्हाणपुरात सैन्य आले. सैन्यामागे घोडे, हत्ती, उंट आले. त्यांच्यामागे व्यापारी, कारागीर आणि बाजारबुणगे आले. शहर तेच, विहिरी त्याच. माणसे मात्र वाढली. तापी जवळून वाहते हे खरे, पण शत्रूने नदीच्या पाण्यात विष कालवले तर काय करावे, अशी धास्तीही राज्यकर्त्यांना होती असे सांगतात. शहराचा कारभार शाबूत होता, तटबंदी शाबूत होती. कमी पडत होता तो पुरवठा.

त्या वेळी येथला कारभार पाहत होता अब्दुर रहीम खानखाना, हिंदी दोह्यांचा कवी रहीम म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. त्याच्या पुढाकाराने, जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास येथे एक विलक्षण योजना उभी राहिली. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने जमिनीची पाहणी केली असे सांगितले जाते. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी भूमीच्या पोटातून तापीकडे सरकत असते, हे त्याने हेरले. ते पाणी नदीला मिळण्यापूर्वीच वाटेत अडवावे आणि भुयारातून शहराकडे वळवावे, अशी ही कल्पना. अशा एकंदर आठ योजना बुऱ्हाणपुरात झाल्या. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ती कुंडी भंडारा. खूनी भंडारा या नावानेही लोक तिला ओळखतात.

कुंडी भंडाऱ्याची रचना डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर सुमारे वीस मीटरांच्या अंतराने एकामागून एक विहिरीसारख्या कुंड्या आहेत. त्यांची संख्या शंभराच्या आसपास आहे. वरून पाहणाराला त्या सुट्या विहिरी वाटतात. पण खाली उतरले, म्हणजे त्या सर्व एका भुयाराने जोडलेल्या आहेत हे दिसते. भुयाराला बेताचा उतार आहे, आणि केवळ त्या उताराच्या बळावर पाणी पुढे सरकते. ना मोट, ना रहाट, ना पंप. अखेरीस ते जाळी करंज नावाच्या हौदात जमे, आणि तेथून मातीच्या नळांनी शहरात खेळविले जाई.

आता प्रश्न असा की, पाणी जर भुयारातूनच जाणार, तर इतक्या कुंड्या खोदण्याचा खटाटोप कशासाठी? इराणातील ज्या कनात पद्धतीवरून ही रचना घेतली, तिच्यात याचे उत्तर आहे. खोदताना माती वर काढण्यासाठी, आत उतरणाऱ्याला हवा मिळावी म्हणून, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढे बिघाड झाल्यास आत उतरता यावे म्हणून. आमच्याकडील पाण्यात चुन्याचा अंश फार. वर्षानुवर्षे तो भुयाराच्या भिंतींवर साचतो आणि वाट अरुंद होत जाते. समजा, शहरात पाणी कमी येऊ लागले. कुंड्या नसत्या, तर अडथळा कोठे आहे हे कळण्यास सारे भुयार उकरावे लागले असते. कुंड्या असल्या की काम सोपे होते. एका कुंडीत पाणी भरपूर आहे आणि तिच्या पुढल्या कुंडीत ते घटले आहे, असे दिसले, की दोष त्या दोहोंच्या मधल्या वीस मीटरांत आहे हे निश्चित झाले. ज्यांनी ही योजना केली, त्यांनी ती कधी तरी बिघडेल हे गृहीत धरले होते, आणि पुढच्या पिढ्यांसाठी आत उतरण्याच्या वाटा ठेवल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मौजेची आहे. खानखानाच्या सैन्याशी लढणाऱ्या मलिक अंबरानेही त्याच दशकात आपल्या खडकी शहरासाठी, म्हणजे नंतरच्या औरंगाबादसाठी व आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, भूमिगत नहर बांधली. नहर-ए-अंबरी ती हीच. रणांगणावर एकमेकांचे वैरी, पण शहरावरचा भार पेलण्याचा उपाय दोघांचाही एकच.

पाण्याची ही गोष्ट येथे ठेवून आता विजेच्या यंत्रांकडे वळू. संगणकालाही पुरवठा लागतो, तो विजेचा. आणि जितकी वीज आत जाते, तितकीच उष्णता होऊन बाहेर पडावी लागते. ही अडचण घरगुती संगणकाबरोबर आलेली नाही. संगणकाच्या जन्मापासूनची आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनिॲक हे यंत्र जगापुढे आले. त्यात जवळजवळ अठरा हजार व्हॉल्व्ह होते. आपल्या जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नलिका. त्याला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. इतक्या नलिकांपैकी एक ना एक सतत जळत राहील आणि हे यंत्र कधीच धड चालणार नाही, असे पुष्कळ जाणकारांचे मत होते. त्यावर त्याचा मुख्य अभियंता एकर्ट याने एक साधा नियम पाळला. प्रत्येक नलिकेची जेवढी ताकद, तिच्या पुष्कळ खालीच तिला राबवायचे. शिवाय असे दिसून आले, की नलिका बहुतकरून यंत्र सुरू करताना वा बंद करताना, तापताना आणि निवताना फुटतात. म्हणून यंत्र शक्य तो बंदच करायचे नाही असे ठरले. सामर्थ्याच्या टोकाशी जाऊन काम करू नये, हा धडा त्या पहिल्या यंत्रानेच दिला.

आपल्याकडचा घरगुती संगणक, म्हणजे देशातल्या माणसांनी देशातच जुळवलेला पहिला मोठा संगणक, मुंबईत तयार झाला. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने हे काम अंगावर घेतले. प्रथम एक छोटे प्रायोगिक यंत्र केले. ते १९५६ च्या अखेरीस चालू लागले. पुढे पूर्ण आकाराचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामास लागले, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. एकेका व्हॉल्व्हची तार तापविण्यास दोनच वॅट लागतात असे धरले, तरी नुसत्या तारा तापविण्यासच पाच हजार चारशे वॅट झाले. गणिताची वीज निराळी. मुंबईच्या दमट हवेत ही शेगडी पेटती ठेवायची आणि तिच्याकडून बिनचूक उत्तरे घ्यायची, हे सोपे काम नव्हते.

या यंत्राच्या बांधणीतील एक तपशील मला फार बोलका वाटतो. सारे यंत्र अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसविलेले होते. हा सांगाडा अखंड नव्हता; चार चार फुटांचे कप्पे जोडून तो केलेला होता, आणि प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी दारे होती. दार उघडावे आणि आतील जोडण्यांपर्यंत हात पोहोचावा, अशी ती सोय. बुऱ्हाणपूरच्या कुंड्या आणि टिफ्रॅकची दारे यांच्यामध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. पण दोहोंमागचा विचार एकच आहे. लांबलचक साखळीतला नेमका एक दुवा उघडून पाहता आला पाहिजे.

पुढे व्हॉल्व्ह गेले. १९४७ साली शोध लागलेल्या ट्रान्झिस्टरने त्यांची जागा घेतली. १९७१ च्या पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि त्याला एका वॅटच्या आसपास वीज पुरे. उष्णतेचा प्रश्न आता सुटला, असे लोकांस वाटले. पण ती समजूत फार दिवस टिकली नाही. एकेका चकतीवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसू लागले, वेग वाढत गेला, आणि २००४ च्या सुमारास अशी वेळ आली, की वेग आणखी वाढवावा तर चकतीच करपेल. मोठमोठ्या कारखान्यांना आपले बेत बदलावे लागले. आज घरातल्या टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर शंभर-सव्वाशे वॅट आणि ग्राफिक्स कार्ड दोनशे वॅट सहज खाते. म्हणजे एनिॲकचा आणि टिफ्रॅकचा जुना प्रश्न आता आमच्या आळीत येऊन बसला आहे.

तेव्हा त्या तरुणाला मी म्हणालो, "चल, कुंडीमागून कुंडी पाहू." पहिली कुंडी उष्णतेची. तापमान दाखविणारी प्रणाली चालू करून त्याने यंत्राला कामाला लावले. प्रोसेसर पंचाण्णव अंशांपर्यंत चढला. वीज तोडून, कॅबिनेट उघडून पाहिले, तो पंख्याखालच्या पात्यांमध्ये सुताच्या बारीक लवेचा नमदा बसलेला! आमचे गाव यंत्रमागांचे. येथील हवेत सूत तरंगते. त्याने सारे ब्रशने साफ केले, प्रोसेसर आणि पात्यांमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान सत्तरच्या खाली आले. चोर सापडला, असे आम्हा दोघांनाही वाटले. यंत्र पूर्वी चारपाच मिनिटे टिके, ते आता वीस मिनिटे टिकले. आणि मग पुन्हा बंद पडले.

श्रोतेहो, शोधाच्या वाटेवर याच ठिकाणी माणूस फसतो. दोष सापडला म्हणजे तोच अपराधी, असे नसते. बंद पडतेवेळी तापमान अडुसष्ट होते. शिवाय आजचा प्रोसेसर अतिशय तापला, की आधी आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तरच यंत्र बंद करतो. येथे वेग कमी झालाच नव्हता. ऊन लागलेला माणूस आधी रेंगाळतो. हा चालता चालता कोसळत होता. म्हणजे आता अन्नाकडे पाहणे आले.

दुसऱ्या कुंडीत त्याने भाराची विभागणी केली. एकट्या प्रोसेसरला अर्धा तास राबविले. यंत्र चालू राहिले. एकट्या ग्राफिक्स कार्डाला अर्धा तास राबविले. यंत्र चालू राहिले. दोघांना एकदम जुंपले, आणि काही मिनिटांत काळोख. याचा अर्थ उघड होता. दोघेही धडधाकट होते. दोघांनी मिळून ज्या एका वाटेने अन्न घ्यायचे, ती वाट अरुंद होती.

तिसऱ्या कुंडीत त्या वाटेची तपासणी झाली. मधला यूपीएस काढून यंत्र थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून पाहिले. फरक पडला नाही. सर्व जोडण्या काढून पुन्हा घट्ट बसविल्या. फरक पडला नाही. मग त्या जुन्या एसएमपीएसवरील कागद वाचला. वर ठळक अक्षरांत पाचशे वॅट असे छापलेले. पण त्याखाली बारीक अक्षरांचा एक तक्ता होता. ही पेटी घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला बारा, पाच आणि साडेतीनच्या आतबाहेर अशा निरनिराळ्या व्होल्टांनी वाटून देते. पूर्वीच्या यंत्रांत भार निरनिराळ्या वाटांवर विभागलेला असे. आजच्या यंत्रात जवळजवळ सगळा भार बारा व्होल्टांच्या वाटेवर येतो. आणि त्या वाटेपुढे तक्त्यात आकडा होता पंचवीस अँपिअर. बारा गुणिले पंचवीस, म्हणजे तीनशे वॅट. प्रोसेसरचे सव्वाशे आणि कार्डाचे दोनशे मिळून सव्वातीनशे होतात, आणि कार्ड क्षणमात्र त्याहूनही मोठा घास घेते. आत संरक्षणाची योजना असते. मर्यादा ओलांडली, की पेटी स्वतःला तोडून घेते. त्याचे यंत्र बिघडलेलेच नव्हते. ते स्वतःला वाचवीत होते.

तरीही निकाल देण्याची घाई केली नाही. चौथी कुंडी राहिली होती. संशयिताच्या जागी निर्दोष म्हणून माहीत असलेला दुसरा भाग बसवून पाहावा, हा शेवटचा पुरावा. एका मित्राकडून त्याने चांगली, अधिक ताकदीची पेटी एका रात्रीपुरती मागून आणली. यंत्राने रात्रभर काम केले. पहाटे तो माझ्या दारात आला, तेव्हा त्याच्या हातात पहिल्या घरची फिल्म होती. नवा प्रोसेसर घ्यावा लागला नाही. नवी पेटी त्याच्या तुलनेने पुष्कळ स्वस्त पडली, आणि कर्ज टळले. ज्यांना असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी एक सूचना येथेच सांगून ठेवतो. ही पेटी आतून उघडण्याच्या भानगडीत पडू नये. वीज तोडल्यावरही तिच्या पोटात काही काळ जीवघेणा दाब राहतो.

या साध्या घटनेतून मला जे उमगले, ते इतकेच. भाराखाली काही कोसळले, की आपण प्रथम मेंदूला दोष देतो. कारण मेंदू महाग असतो आणि त्याच्याविषयी आपणांस फारसे कळत नाही. वर्गात वर्षभर नीट उत्तरे देणारे पोर परीक्षेच्या दिवशी कोसळले, तेव्हा मीही अनेकदा त्याची बुद्धी काढली आहे. ते सकाळी काही खाऊन आले होते का, हे क्वचितच विचारले. खानखानाच्या काळातील जाणकारांनी शहरावर भार आला, तेव्हा शहराला दोष दिला नाही. त्यांनी पुरवठ्याची वाट शोधली, आणि ती बांधताना पुढे दोष शोधण्याच्या वाटाही ठेवल्या.

बुऱ्हाणपूरच्या आठ योजनांपैकी दोन काळाच्या ओघात नष्ट झाल्या. कुंडी भंडाऱ्यात मात्र आजही पाणी खळखळते, आणि २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव दाखल झाले. ही गौरवाची गोष्ट खरी. परंतु भुयाराच्या भिंतींवर चुना साचतोच आहे, आणि यादीत नाव आल्याने तो आपोआप गळून पडत नाही. त्यासाठी कोणी तरी कुंडीत उतरावे लागते. कुंड्या आहेत, वाटा आहेत. आपल्याला एवढेच करायचे आहे, की वरून पाहून निकाल न देता, एकेक कुंडी उतरून पाहायची.